दहापैकी एक

अहो,

काल तुमची शोकसभा झाली. कर्वेनगरला, तुमच्या जुन्या कॉलेजच्या सभागृहात. तिथून आल्यापासून मी कुणाशी धड बोललेले नाही. ज्याच्याशी भांडायचं आहे तो माणूसच जागेवर नाही, म्हणून लिहितेय.

भाषणं तुमच्या पसंतीची झाली, म्हणजे लांबली. मग तुमची लाडकी विद्यार्थिनी मेधा उठली. आता तीही तिथेच फिजिक्स शिकवते. म्हणाली, "सर शेवटपर्यंत सरच राहिले. हॉस्पिटलमध्ये सिस्टर रोज विचारायच्या, काका, दहापैकी किती दुखतंय? सर म्हणायचे, एक. मी भेटायला गेले तेव्हा डोळे मिचकावून मला म्हणाले, मेधा, यांच्या मोजपट्टीला एककच नाही गं. मग मी माझं दुखणं हेच एकक धरलंय. उत्तर एकच येणार ना!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या.

मला तो एक खरा वाटला होता हो!

सिस्टरलाही वाटला होता. "काकू, काका एकदम आरामात आहेत, इंजेक्शनचा डोस वाढवायची गरज नाही," असं ती सांगायची आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडायचे. कॅन्सर हाडांत उतरलेला माणूस, आणि दुखणं दहापैकी एक! इतकी कशी मी भोळी? तुम्ही चादर मुठीत आवळून पडलेले असायचात. काय होतंय विचारलं, तर "थंडी वाजतेय" म्हणालात. मे महिन्यात! आणि मी उठून पंखा बंद केला.

अख्खा संसार तुमच्या एककांनी छळलं मला. कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत बाहेर तुमची शिकवणी, आत माझा स्वयंपाक. "एकक नाही, तर मार्क नाही," हे कुकरच्या शिट्ट्यांबरोबर ऐकलंय मी. आमटीत मीठ कमी आहे म्हणालात की मीच विचारायचे, "कशात मोजलंत?" तेव्हा हसायचात.

एकदा मंडईत मटार घेताना तुम्ही मला मॅग्नेटॉन शिकवलात, आठवतं? इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व मोजायचं माप वेगळं आणि अणूच्या पोटातल्या प्रोटॉनचं वेगळं. दुसरं पहिल्यापेक्षा सुमारे अठराशेपट लहान. मी म्हटलं, "दोन-दोन मापं कशाला? एकानं भागत नाही का?" तर म्हणालात, "अगं, कोथिंबीर क्विंटलात मागशील का? इलेक्ट्रॉनच्या मापात प्रोटॉन मोजला तर पॉइंटनंतर आधी दोन शून्यं येतात. बघणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. त्याच्या स्वतःच्या मापात मोज, पावणेतीनच्या वर जातो." भाजीवाली म्हणाली, "काका, पावणेतीन किलो देऊ का मग?"

मला तेव्हा कळलं होतं. तुम्हाला कसं कळलं नाही? तुमचा एक तुमच्या मापातला होता, आणि ती सिस्टर तो तिच्या मापात वाचत होती. तिचा काय दोष? आकडा सांगितलात आणि एकक गाळलंत! याच चुकीसाठी जन्मभर पोरांचे मार्क कापलेत ना? दुखणं कमी करणारं औषध तिथेच, समोरच्या ट्रेमध्ये होतं.

की चूक नव्हतीच ती? मला घाबरवायचं नव्हतं? मग मेधाला कशाला सांगितलंत? बायकोला थंडी आणि विद्यार्थिनीला विनोद! राग येतो मला तुमचा. आज तुमच्या फोटोला हारसुद्धा घातलेला नाही.

सकाळी बंगळूरहून लेकीचा फोन आला. कालची सभा तिनं मोबाइलवर पाहिली होती. मेधाचं बोलणं ऐकून तीही हसली म्हणे, त्यातली मेख तिच्या लक्षातच आलेली नाही. "आई, बाबांना शेवटी फार त्रास नाही ना गं झाला?" मी म्हटलं, "नाही गं." तिला रडू फुटलं. म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं."

तिला मी काही सांगणार नाही. हे ओझं माझ्याकडेच राहू दे. पण माझ्यापुरतं एक कबूल करते. माझी वेळ येईल तेव्हा मी कसलीही हुशारी करणार नाही. कुणी आकडा विचारला तर आकडा सांगणार नाही. विव्हळेन, रडेन, शेजारच्या खाटेवरचे वैतागले तरी ओरडेन. लेकीचा हात घट्ट धरून म्हणेन, दुखतंय गं, फार दुखतंय. तिला ते नंतर कुणाच्या भाषणातून कळायला नको.

तुमची,
सुमन