बदरियाचं अकरा

मुहर्रक, ३ रमजान

चि. बदरिया हिस,
अनेक आशीर्वाद आणि सलाम वि. वि.

चुलतभाऊ याकूब गाडी घेऊन कुवेतला निघालाय, त्याच्या हाती पत्र देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती दे. फोन बाबांच्या उशाशी असतो आणि मला जे बोलायचं आहे ते त्यांच्या कानावर जायला नको.

इकडे सगळे ठीक. बाबांच्या हातांची थरथर वाढली आहे, चहा मीच पाजते. त्यांनी स्वतःची प्रवाळांची काचेची टाकी मोडली तेव्हा आपलं ते जांभळं प्रवाळ दोन भाग करून तुला-मला दिलं. माझ्या वाट्याचं दिवाणखान्यात आहे, बाबांच्या पलंगासमोर. रोज दुपारच्या नमाजानंतर मी टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घेते आणि निळ्याचं गुलाबी होईपर्यंत औषधाचे थेंब मोजते. पाण्याची अल्कता किती, म्हणजे प्रवाळाला हाडं बांधायला मालमसाला पुरेसा आहे का, ते त्यावरून कळतं. बाबा पलंगावरून विचारतात, किती? मी सांगते, आठ. लगेच त्यांचं ठरलेलं, की बदरियाचं अकरा आहे.

रोज गं! गव्हा-मटणाचा हरीस मी घोटायचा, दाढी मी करायची, गोळ्या मी द्यायच्या, आणि कौतुक कुवेतच्या महाराणीचं! ईदला तू येशील तेव्हा माझ्या टाकीतही अकरा असतील, लिहून ठेव. मुलांना पापे.

लोभ आहे तसा ठेव, राग माझ्याकडे भरपूर आहे.
तुझी ताई,
मुनिरा

सालमिया, कुवेत, ९ रमजान

प्रिय मुनिराताई हिस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की उपवास मोडतो की काय असं वाटलं. अगं, अकरा आले तर त्यात माझा काय गुन्हा? तपासणीचं नवीन औषध ऐन उन्हाळ्यात आणलं. मुलांचे कपडे, चपला, सगळा बाजार होईपर्यंत ते दुपारभर गाडीतच होतं, मग घरी आणलं आणि त्याच दिवशी अकरा! तेव्हापासून खाली उतरायला तयार नाही. म्हणून मी पाण्यात रोजचा खायचा सोडा घालणंच बंद केलंय. आयता मालमसाला आहे, वर कशाला ओतू?

तुला वाढवायचेच असतील तर हळूहळू वाढव हो. एका दिवसात आकडा अर्ध्याच्या वर चढायला नको, बाबांनीच शिकवलंय. पण तू कसली ऐकतेस! लहानपणी माझ्या बाहुलीपेक्षा तुझ्या बाहुलीचे केस लांब हवेत म्हणून तिचे ओढून ओढून मुळापासून उपटले होतेस, आठवतं?

प्रवाळ जरा फिकट वाटतंय, पण दिवे बदललेत म्हणून असेल. बाबांना माझे अकरा सलाम सांग.

माया असू दे, मत्सर जरा कमी कर.
तुझी,
बदरिया

मुहर्रक, १६ रमजान

चि. बदरिया हिस,
आशीर्वाद वि. वि.

तुझ्या अकरा सलामांना आग लागो. ते वाचून डोकं फिरलं. एरवी रोज सकाळी अर्धा चमचा खायचा सोडा गोड्या पाण्यात विरघळवून टाकते. त्या दिवशी वाडगाभर केला आणि इफ्तारचे गोड लुकैमात तळता तळता अख्खा टाकीत ओतला. पाणी ताकासारखं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर बरोबर अकरा. बाबांना ओरडून सांगितलं. ते नुसतं हं म्हणाले. एवढ्यासाठी मी जिवाचं रान केलं!

आणि आता सगळ्या फांद्यांची टोकं जळली आहेत. जांभळी कातडी सुटून खालचं पांढरं हाड दिसतंय आणि ते पांढरं रोज थोडं खाली उतरतंय. सोडा बंद केलाय, पाणी थोडं थोडं बदलतेय. बाबांची नजर अधू आहे, पलंगावरून त्यांना दिसत नसावं. विचारलं तर सांगते की छान आहे. त्यांच्या टाकीतलं माझ्याकडे एवढंच होतं, बदरिया. ते मेलं तर त्यांना तोंड कसं दाखवू?

तुझं गर्द जांभळं प्रवाळ नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी पोटात दुखतं. हसायला येणार असशील तर ईदला येऊच नकोस.

लोभाचं काय ते तूच ठरव.
मुनिरा

सालमिया, २१ रमजान

प्रिय ताई हिस,
सलाम वि. वि.

हसू आलं नाही. तुझं पत्र हातात घेऊनच दुकानात गेले आणि औषधाची नवी बाटली आणली, या खेपेला अबायाच्या आड लपवून, गार ठेवून. एकाच पाण्याची दोन्ही औषधांनी तपासणी केली. जुन्या औषधाने अकरा, नव्याने सहा. तीनदा केली. दुकानदार म्हणाला की गाडीच्या उन्हात जुन्याचा जोर गेला, म्हणून थेंब जास्त लागत होते. माझे अकरा खोटे होते, ताई. कित्येक महिने प्रवाळ उपाशी होतं आणि मी वरून सोडा बंद केला होता. ते फिकट नव्हतं, मरत होतं. काल बुडापर्यंत पांढरं झालं. माझं संपलं.

बाटलीवर मला शंका का आली नाही ते सांगू? दर शुक्रवारी फोनवर बाबांचं एकच पालुपद असतं, मुनिराचं पाणी आठावरून हलत नाही, मुनिराचा हात बघ, मुनिराकडून शीक. कान किटले माझे! तुझ्या जवळ बाबा आहेत, त्यांचं रोजचं ‘किती?’ विचारणं आहे, आणि वर आठही तुझेच! मग अकरा दिसले. ताईपेक्षा तीन जास्त. इतकी खूष झाले की पुन्हा तपासावंसंच वाटलं नाही.

तुझं वाचव. आता दोघींचं मिळून तेवढंच उरलंय.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.
तुझी,
बदरिया

मुहर्रक, २६ रमजान

चि. बदरिया हिस,
अनेक आशीर्वाद आणि सलाम वि. वि.

आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग बसून रडले. मग बाबांना सगळं सांगून टाकलं, माझा वाडगा आणि तुझी बाटली, दोन्ही. त्यांना आधीच कळलं होतं. म्हणाले की प्रवाळ जळल्याचा वास त्यांना पलंगावरूनही येतो, मी कधी कबूल करते याची ते वाट बघत होते. मग दोघींना एका दमात गाढव म्हणाले.

पांढरं बुडापर्यंत पोचायच्या आत खालच्या जिवंत फांद्या तोडून घे, म्हणाले. त्यांची खुर्ची टाकीजवळ ओढली. कुठे कापायचं ते त्यांनी थरथरत्या बोटाने दाखवलं, कात्री मी चालवली. तीन तुकडे निघाले, ते नव्या दगडांवर चिकटवले. आज तिन्ही तुकड्यांवरच्या इवल्या जिवांनी तोंडं उघडली आहेत. पाणी पुन्हा आठावर आहे.

बाबांनी फर्मान काढलं, की यातला सगळ्यात जोमदार तुकडा ईदला बदरियाला द्यायचा. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं सगळं होऊनही चांगला तो तिलाच! विचारलंच मी त्यांना, का म्हणून? तर म्हणाले की मुनिराला मरतुकडा दिला तरी जगेल.

हे वाक्य तुला मुद्दाम लिहिते आहे. दोनदा वाच, मोठ्याने, आणि जळ.

तुकडा तुझ्यासाठी वेगळा ठेवलाय. लवकर ये, औषध सावलीत आण.

भांडणासकट लोभ वाढू दे.
तुझी ताई,
मुनिरा