रायपूर–ऑकलंड, मार्गे दिल्ली

७ डिसेंबर, रविवार
हरलो! ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या बैठकीत, चहा यायच्या आधीच. आमच्या मंडळात ज्याचं मूल जास्त लांब, त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची. नरहरीने मोबाईल पुढे केला — रायपूर ते टोरांटो, साडेबारा हजार किलोमीटर! त्याची मुलगी देवश्री तिथे असते. आमच्या शिशिरचं ऑकलंड निघालं पावणेबारा हजार. "अच्युतराव, तुमचा पोट्टा तर जवळच राहून राहिला!" सगळे हसले. मीही हसलो. काय करता!

८ डिसेंबर
अंघोळ करताना सुचलं! मोबाईलमधली सरळ रेघ पक्ष्यांसाठी. मी चौतीस वर्षं रेल्वेत कंट्रोलर होतो. गाडी ज्या मार्गाने जाते, तेच अंतर धरायचं. रायपूर–दिल्ली–सिंगापूर–ऑकलंड: साडेतेरा हजार! वेळ सत्तावीस तास, मधले हॉल्ट धरून. चौबे कॉलनीतल्या आमच्या फाटकापासून धरलं तर अठ्ठावीस. रीतसर तक्ता केला — आगमन निळ्या शाईत, प्रस्थान लाल — आणि कॅलेंडरशेजारी टांगला.
सरोजिनी म्हणाली, "काहून करून राहिले हे? तो येणार आहे का?"
बायकांना टाइमटेबल कळत नाही.

१० डिसेंबर
शिशिरचा फोन. त्याला येऊन पाच वर्षं झाली. बावीसला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, येतोस का, असं विचारलं. आम्ही मराठीत विचारायचं, त्याने हिंदीत सांगायचं. "बाबा, इतनी दूर से चार दिन के लिए कैसे आऊँ?"
मुद्दा बरोबर! अठ्ठावीस तास म्हणजे काय गंमत आहे! मीच त्याला अख्खा तक्ता वाचून दाखवला. "वही तो, बाबा," म्हणाला.
सरोजिनी गवार मोडत होती. परात उचलून आत गेली.

१४ डिसेंबर, रविवार
जिंकलो! तक्ता मंडळात नेला. नरहरी म्हणतो, मग आमचंही मार्गे धरा. म्हटलं, आधी तक्ता आणा! पहिल्या रांगेत बसलो.

२१ डिसेंबर, रविवार
नरहरीचा पुतण्या पराग हैदराबादला एका लग्नात गेलाय. नरहरीने त्याचा फोटो दाखवला. शेजारी शेरवानीत शिशिर. आमचाच. "गुरुवारपासून आहे म्हणे तिथं. आज परत चालला. तुमाले माहीत असन..." नरहरी चेष्टा करत नव्हता. मी उभाच होतो; त्याने उठून स्वतःची खुर्ची दिली मला. त्याचाच जास्त राग आला.
गुरुवार ते रविवार. चार दिवस.
हैदराबाद–रायपूर थेट विमान आहे. दीड तास. हॉल्ट नाही.

२२ डिसेंबर
ऑपरेशन नीट झालं.
सकाळी दवाखान्यात निघताना राहवलं नाही, सरोजिनीला हैदराबादचं सांगून टाकलं. ती चपला शोधत होती. म्हणाली, "मले माहीत होतं. तो लांब आहे म्हणून येत नाही, असं तुमाले वाटून राहिलं होतं. वाटू दिलं."