पहिल्या खेपेला केबिनमध्ये कोण बसतं

अण्णा, तुमच्यावर चिडलोय म्हणून लिहितोय. चीनच्या लढाईच्या साली तुम्ही गेलात, नऊ वर्षं झाली, तरी या ट्रकच्या यार्डात अजून तुमचाच नियम ऐकवतात: जो गाडी तपासून पास करील त्यानं पहिल्या खेपेला तिच्या केबिनमध्ये बसायचं. अजून आठवतं, मी दहा-अकरा वर्षांचा असेन. स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही ऑईलचे हात राखेनं घासताय, आई म्हणतेय, "जेवून तरी जावा," आणि तुम्ही म्हणताय, "खाली मी शिरलो, तर वर दुसरा कुनी बसंल व्हय?" तेव्हा माझी छाती फुगायची. पण अण्णा, तुमची गाडी एकच होती. आता चार आहेत. एका माणसानं चार केबिनमध्ये कसं बसायचं, हे तुम्ही कुणाला सांगून गेलात?

काकांनी तो प्रश्न सोपा केला. ते कशातच बसत नाहीत. ऑफिसच्या खुर्चीतून हात हलवला की गाडी पास. मी कॉलेज सोडून आलो आणि पहिल्याच आठवड्यात भांडलो. ते ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "दीड वर्षात कॉलेज पचलं न्हाई, आन् आता आमाला ब्रेक शिकवतंय. लई कळवळा हाय ना, मग तूच तपास आन् तूच बस." बसलो. रोज सकाळी चारी गाड्यांखाली शिरायचो आणि मग खताच्या गाडीत चढायचो, कारण ती मिरजगावला जाते. तिथल्या शाळेत एक मुलगी शिकवते, तिला बघायला. शाळेसमोर गाडी हळू घ्यायला लावायचो. ड्रायव्हर म्हणायचा, "धाकटे मालक, हितं ना उतार ना वळण, ब्रेक कुनासाठी?" तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

गेल्या सोमवारी उसाच्या गाडीचा ब्रेक ओढ्याच्या उतारावर लागलाच नाही. पुढं तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या, वर बाया-पोरं. ड्रायव्हरनं गाडी बांधावर घातली. ती माणसं वाचली, त्याची मांडी मोडली. तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस तो. दवाखान्यातून येऊन मी हे सांगतोय, तर काकांचा पहिला प्रश्न, "ऊस किती सांडला?" मी टेबल उलटं केलं. अख्ख्या यार्डासमोर म्हणालो, त्या गाडीत तुम्ही बसायला पाहिजे होतं. त्यांनी चाव्या माझ्यापुढं टाकल्या आणि निघून गेले. ड्रायव्हर लोकांनी मला चहा पाजला.

चाव्या आता माझ्याकडे आहेत. ड्रायव्हर नाही म्हणाला की गाडी हलायची नाही, हा माझा नियम. एक गाडी असो की चार, चालतो. तो तुम्हाला सुचायला हवा होता. दिवसभर जो ब्रेक दाबतो त्यालाच तुम्ही कधी विचारलं नाही.

तसं उसाच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारायचीही गरज नव्हती. आदल्या दुपारी तो आपण होऊन आला होता. "दोनदा दाबल्याबिगर लागत न्हाई," म्हणाला. काकांना नाही, मला. मी म्हणालो, सकाळी बघतो. सकाळी खताची गाडी लवकर भरली, आणि मला शाळेची घंटा व्हायच्या आत तिथून जायचं होतं. उसाच्या गाडीखाली मी वाकलोसुद्धा नाही, अण्णा. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.