उल्काराणी झोपली तो भाग

सीवूड्स, नवी मुंबई
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. अप्पांस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. गीतू बरी आहे, माझ्या शेजारी चित्र रंगवतेय. हे आधी वाचा, मग पुढचं.

तिच्या हृदयातलं छिद्र बुजवायचं ऑपरेशन वीस तारखेला ठरल्याचं वरदने तुम्हाला कळवलंच आहे. इतके दिवस ती अगदी शांत होती. कारण ऐकून तुम्ही हसाल. टीव्हीवर ‘उल्काराणी’ नावाचं कार्टून लागतं. बाई उडते, तळहातातून उजेड सोडते, वगैरे. मागच्या रविवारी ती काळभोवऱ्यात अडकली, आणि त्यातून कशी सुटते ते काल दाखवणार होते. गीतूने मनाशी ठरवलं होतं, की उल्काराणी जे करेल तेच आपण ऑपरेशनच्या वेळी करायचं. मला वाटलं, बरंच झालं, आपल्याला समजूत घालायला नको.

तो भाग अगदीच टुकार निघाला. पहिल्या पाच मिनिटांत निळा धूर आला आणि उल्काराणी झोपली. मग सगळी जुनीच दृश्यं. शेवटी ती जागी झाली तर भोवरा गायब आणि लोक टाळ्या वाजवतायत. कोणी केलं, कसं केलं, काही नाही. वरद वैतागला, म्हणाला, यांना गोष्ट सुचलीच नाही वाटतं. गीतू मात्र पांढरीफटक पडली. तिने विचारलं, की झोपली होती तेवढा वेळ ती कुठे होती? मी भाजी चिरत होते. कुठे असणार, झोपलेलीच, असं म्हणून मी मोकळी झाले.

पाच वाजता लक्षात आलं, गीतू घरात नाही. सोसायटीच्या बागेत नाही, शेजारच्या सुचिताकडे नाही. गेटमधून कोणी गेलं नाही असं वॉचमन सांगत होता, तरी वरद स्टेशनपर्यंत धावला. मी पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत बघितलं, अप्पा. त्या काळ्या पाण्यात बघताना झाकण निसटून बोटांवर पडलं. ते मला घरी आल्यावर कळलं.

पाऊण तासाने सुचिताने हाक मारली. अकरा मजले जिन्याने चढून गीतू गच्चीच्या बंद दाराशी बसली होती. डॉक्टरांनी तिला जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलंय! ओठ पांढरे, फ्रॉक घामाने चिंब, धाप थांबत नव्हती. बोलता आलं तेव्हा एवढंच म्हणाली, की मला झोपवू नका.

डॉक्टरांनी लगेच तपासलं. धोका नाही, पण तारीख पुढे ढकलू नका म्हणाले. मी तिला सारखं सांगते, की शूर मुली घाबरत नाहीत, आणि माझ्याच घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही तुमच्या ऑपरेशनला हसत गेला होतात. ते तिला लिहा ना.

आईला नमस्कार. तुमचा हात आमच्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
प्राची


देवरूख
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. गीतांजलीस अप्पाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

मी हसत ऑपरेशनला गेलो असं तुझ्या आईला वाटतं. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिला तसं मीच सांगितलं. खरं काय ते आज तुला सांगतो. तिलाही वाचू दे.

मूतखड्यासाठी मला रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी सिस्टर तयार राहा म्हणून सांगून गेली आणि मी दवाखान्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यातच मागच्या दाराने निसटलो. थेट एसटी स्टँडवर जाऊन देवरूखच्या गाडीत बसलो. लोक बघत होते, पण मला कशाचीच शुद्ध नव्हती. तुझी आजी शोधत आली. वाटलं, आता चारचौघांत झाडणार. तर ती नुसती शेजारी बसली. मी म्हटलं, मला जागच आली नाही तर? ती म्हणाली, की तिलाही तीच भीती वाटतेय, कालपासून ती जेवलेली नाही. ते ऐकून मला रडू फुटलं, आणि मग गाडीतून उतरता आलं.

उल्काराणी कुठे होती ते कार्टूनवाल्यांनी सांगायला हवं होतं. चुकलंच त्यांचं. मला माझ्यापुरतं माहीत आहे. मी टेबलावरच होतो आणि मला काही कळत नव्हतं. पण माझ्याभोवती पाच माणसं जागी होती. त्यातल्या एकाचं काम फक्त माझ्या श्वासावर लक्ष ठेवायचं. तुझ्यासाठीही असा एकजण असेल. त्याला आधी भेटायचंय, असा हट्ट धर. भीती जाईल असं मी म्हणत नाही. माझी गेली नव्हती.

प्राची, तू घाबरू नयेस म्हणून तुझ्याशी खोटं बोललो. तू तिच्याशी तसं करू नकोस. माझे गुडघे प्रवास करू देत नाहीत, पण तुझी आई अठराला पोचते आहे.

सगळ्यांना जपा, मला कळवत राहा.

अप्पा


हॉस्पिटल, नेरुळ
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

ती. अप्पाआजोबांना साष्टांग नमस्कार. अजून वाकता येत नाही, म्हणून कागदावरच.

तुमचं पत्र आईने मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबली. मग तिने मला पाण्याच्या टाकीचं सांगितलं आणि खूप रडली. मोठी माणसं इतकी घाबरतात हे मला माहीत नव्हतं. मला वाईट वाटलं आणि बरंपण वाटलं.

श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस म्हणजे बाई निघाल्या, डॉक्टर ऋता. मी विचारलं, मधेच तुम्हाला झोप लागली तर? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, की त्या माझ्या डोक्याशीच बसणार आणि चहालासुद्धा उठणार नाहीत.

तरी ऑपरेशनला आत नेताना दाराशी मी ओरडले. बाबांचा शर्ट सोडलाच नाही, बटण तुटलं. आत खूप थंडी होती. मास्कला रबराचा वास होता आणि मला वाटलं की मी आता मरते. डॉक्टर ऋता माझं नाव घेत होत्या. मग काहीच नाही. मधलं मला अजिबात आठवत नाही. उठले तेव्हा घसा दुखत होता, सगळीकडे नळ्या होत्या आणि आजी माझे पाय चोळत होती. छिद्र बुजलं. शनिवारी घरी सोडणार आहेत.

शेजारच्या कॉटवर उरणची पुतळा आलीय. ती सहा वर्षांची आहे आणि तिचं ऑपरेशन उद्या आहे. तिच्या घरचे तिला सांगतात, की मुंगी चावल्याएवढंपण वाटणार नाही. आत्ता ते चहाला गेले तेव्हा तिने मला विचारलं, की खरंच का? मी म्हटलं, नाही, खूप भीती वाटते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता मला ओरडा बसणार. पण ती उतरून माझ्या कॉटवर आली आणि माझा उजवा हात घट्ट धरून बसली. अजून सोडला नाहीये. म्हणून या शेवटच्या ओळी डाव्या हाताने लिहिल्यात, समजून घ्या.

तुमची,
गीतू