दुसरा शंख

४ ऑगस्ट, सोमवार

आलो एकदाचे सवाई बेटावर! बोटीत माझ्या बायकोला, लोसीला, मळमळलं आणि मी तिच्या वाटणीची भजीही खाल्ली, म्हणून बसमध्ये ती माझ्याशी बोलत नव्हती. तसंही बोलता आलं नसतं. गर्दी इतकी की एक अनोळखी गृहस्थ थेट माझ्या मांडीवर बसून आले, आणि उतरताना त्यांनी माझ्या गुडघ्यांची आस्थेने चौकशी केली.

सासरे, उएलेसे, बसथांब्यावर आले होते. ते गावचे मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख, पंचांत बसणारे, पण जीभ तिखट. सगळ्यांसमोर म्हणाले, "या घरजावई! डुकरं जास्त खातात की तुम्ही, ते महिन्याभरात कळेलच." आपिया शहरातली माझी विजेच्या कामाची नोकरी गेली आणि इथल्या, सासऱ्यांच्या दुकानाला घरचा माणूस हवा होता, तेव्हा हसून सोडून दिलं.

लोसीचा भाऊ मलाकी गेल्या वर्षी होडीसकट समुद्रात गेला. सापडला नाही. तरी घरासमोर आजी-आजोबांच्या शेजारी त्याचं पांढऱ्या फरशीचं थडगं बांधलंय. आत फक्त त्याचा सदरा आहे. लोसी घरात शिरायच्या आधी तिथे जाऊन बसली, आणि मी पिशव्या उचलून आत नेल्या.

संध्याकाळी सा, म्हणजे गावाची प्रार्थनेची वेळ. आमच्या आपियात सा पाळतात म्हणजे रेडिओचा आवाज जरा कमी करतात. इथे सासरे पायरीवर उभं राहून शंख फुंकतात आणि अख्खं गाव घरात जाऊन प्रार्थनेला बसतं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुसरा शंख झाला की गाव पुन्हा चालू. नंतर सासऱ्यांच्या बहिणीने, फुआ आत्यांनी, तो शंख माझ्या हातात दिला. मी गाल फुगवून फुंकला. नुसतं फुस्स! "जावयाचा वारा वरून निघत नाही वाटतं," आत्या म्हणाल्या, आणि शेजारच्या घरातलेसुद्धा हसले. जेवायला तारोचे उकडलेले कंद आणि पालुसामी, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं. तुडुंब जेवलो. इथे बरं वाटेल मला.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज हातात हत्यार आलं, जीव हलका झाला. दुकानामागून होडीचं पेट्रोल चोरीला जातंय. ऑकलंडच्या चुलत्यांनी जुने कपडे आणि गोमांसाचे डबे पाठवले त्याच पिंपात एक वापरलेला कॅमेरा आणि रेकॉर्डरही पाठवलाय. कॅमेरा मोटरवाला आहे. मान वळवतो, खाली वाकतो, लांबचं जवळ आणतो.

पाण्याच्या टाकीशेजारी नारळाच्या खोडाचा खांब रोवून त्यावर तो चढवला. चित्राची जाड केबल आणि हुकूम नेणाऱ्या दोन बारीक वायरी छपराखालून मागच्या खोलीत आणल्या. कॅमेऱ्याच्या पोटात इवलाले खटके असतात, त्यांनी त्याचा क्रमांक ठरतो. तोच क्रमांक रेकॉर्डरमध्ये भरावा लागतो, नाहीतर हुकूम आपल्याला आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. तेही केलं. चित्र झकास आलं. मान मात्र हलेना! सगळं घर मागे उभं. सासरे म्हणाले, "तुमच्यासारखाच आहे. बघतो सगळं, करत काही नाही."

मग ध्यानात आलं, दोन वायरी उलट लागल्या होत्या. अदलाबदल केली आणि कॅमेऱ्याने डौलात मान वळवली. टाळ्या पडल्या. फुआ आत्यांना कोंबडीच्या मागे फिरवून दाखवला, तर त्या हसता हसता खाली बसल्या. शेवटी होडीवर आणि पेट्रोलच्या पिंपांवर रोखून ठेवला. सासऱ्यांनी जेवताना मला माशाचं डोकं वाढलं.

६ ऑगस्ट, बुधवार

सा संपल्यावर पाहतो तर कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे. वीज जाऊन आली की असे कॅमेरे एकदा गरगर फिरून घेतात. तसंच झालं असेल म्हणून रेकॉर्डिंग मागे नेलं. वीज गेलीच नव्हती. गाव घरात शिरलं, रस्ता ओस पडला, आणि कॅमेऱ्याने आपली आपण मान वळवली. समुद्राकडून एक माणूस चालत येत होता. ताठ, सरळ, अंगावरून पाणी निथळतंय. चर्चच्या भिंतीपाशी येऊन तो एकदम थांबला. ती दुसऱ्या शंखाची वेळ होती, कारण लगेच पोरं रस्त्यावर आली. त्यांच्या गर्दीत तो दिसेनासा झाला.

सासरे खवळले. "भर सा चालू असताना? माझ्या घरासमोरून? दोन डुकरं आणि माशांच्या डब्यांची पेटी दंड घेईन! उद्या तुम्ही प्रार्थनेला बसू नका, या पडद्यापुढे बसा. देव माफ करील, पंच नाही करणार."

लोसी पडद्याला नाक लावून बघत होती. म्हणाली, खांदे मलाकीसारखे आहेत. मग स्वतःच मान हलवली, "पण मलाकी डावा पाय ओढायचा. हा सरळ चालतोय." होडीच्या पंख्याने मलाकीचा पाय कापला होता. ती डोळे पुसत उठली. खिडकीच्या काचपट्ट्या उघड्याच होत्या, बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

बाहेरच्या खोलीत प्रार्थना, मागच्या खोलीत मी पडद्यापुढे. कॅमेरा वळला. मी बटणाला हात लावला नव्हता. तो माणूस चर्चच्या भिंतीपाशीच होता, जिथे काल थांबला तिथेच. तिथून पुढे चालायला लागला.

डावा पाय ओढत.

लोसी प्रार्थना सोडून कधी माझ्या मागे आली कळलं नाही. तिने किंचाळून भावाचं नाव घेतलं. मी तिला कालचं रेकॉर्डिंग लावून दाखवत होतो, अगं बघ, काल हा नीट चालत होता, तू बोललीस आणि आज लंगडायला लागला. ती बघेना. म्हणाली, काल तो लांब होता. दुसऱ्या शंखाला तो फणसाच्या झाडापाशी पोचला होता, तिथेच थांबला आणि दिसेनासा झाला.

सासऱ्यांनीही पाहिलं. दंडाच्या डुकरांचं नाव काढलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

फुआ आत्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "देवाचं देवाला, पण माझी आजी सांगायची, ती वेळ आपली नसते. आपण आत बसतो, कारण कुणाला तरी बाहेरून जायचं असतं. आपण डोळे मिटतो आणि ते निघून जातात. बघितलं की त्यांना आपलं घर सापडतं. आणि तुम्ही दोघं शहाण्यांनी दंडापायी खांबावर डोळा टांगलात! त्याला पापणी आहे का रे, पेसा?"

दुपारी हुकमाच्या दोन्ही वायरी काढल्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. आता हा कॅमेरा हलूच शकत नाही. मी विजेचं काम करणारा माणूस आहे, मला माहीत आहे, हलूच शकत नाही.

सा सुरू झाली आणि तो वळला.

फणसापासून कुंपणापर्यंत. लंगडत.

९ ऑगस्ट, शनिवार

शिडी लावली होती. कॅमेरा उतरवून समुद्रात फेकणार होतो. लोसी शिडीला मिठी मारून उभी राहिली. म्हणाली, मला माझा भाऊ दिसतोय, तू कोण काढणारा? आयता येऊन बसलेला घरजावई! ती मला कधी असं बोलली नव्हती. खाली उतरलो. सासरे बघत होते, मध्ये पडले नाहीत.

संध्याकाळी तो अंगणात आला. मलाकीच्या थडग्याला लागून गेला, पण त्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या नावाच्या दगडाकडे कुणी बघणार नाही? लोसीला म्हटलं. ती म्हणाली, घाई आहे त्याला, घरी यायची.

दुसरा शंख आज उशिरा झाला. सासऱ्यांनी तो दोनदा ओठांना लावून खाली घेतला.

पायरीपासून चार हातांवर थांबलाय.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमधून आल्यावर सासऱ्यांच्या पाया पडलो. म्हटलं, आज प्रार्थना छोटी करा, शंख लगेच फुंका, लोसीसाठी तरी. हो म्हणाले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पहिला शंख झाला. लोसीचा हात धरून तिला आत्यांशेजारी बसवलंय. मी मागच्या खोलीत. लिहितोय, म्हणजे जागचा उठणार नाही.

कॅमेरा वळला. आता सरळ घराकडे.

तो पायरीखाली आहे. पाठ दिसतेय. पाणी निथळतंय —

सासरे बाहेर आले. शंख हातात. फुंका. डोळे उघडे आहेत त्यांचे — बघू नका, फुंका —

फुंकत नाहीत.

शंख खाली ठेवला. दोन्ही हात पसरलेत. ओठ हलतायत. मलाकी म्हणतायत —

आत आत्या ओरडतायत. लोसीची चटई रिकामी — ती बापाशेजारी — हसतेय, किती दिवसांनी —

तो पायरी चढतोय.

डावा पाय ओढत नाही आता. गरजच नाही. दोन्ही पाय नीट टाकतोय —

लोसीने हात पुढे केला.

शंख पायरीवर पडलाय. डोळे मिटून चाचपत जाईन. मला तो वाजवता येत नाही, पण —