चार देशांचे गोठे पाहून

मु. जानेफळ, ता. मेहकर
भाद्रपद वद्य तृतीया

तीर्थस्वरूप उत्तमरावजी यांचे सेवेशी, मुक्काम साखरखेर्डा,

आपला धाकटा साडू उकंडराव याचा दंडवत पोहोचावा, आणि तो दोन वेळा पोहोचला असे समजावे. एक नेहमीचा व दुसरा उत्तरास झालेल्या विलंबाबद्दलचा. आपल्या गुडघ्याची कळ आता उतरली असेल. सौ. सुभद्राबाईंच्या डोळ्यांतील मोतीबिंदू निघाल्याचे समजले. त्यांना आता आपण स्पष्ट दिसू लागला असाल, तेव्हा आपणही सांभाळून असावे. (हे वाक्य खोडावे असे आमच्या मंडळींचे, म्हणजे कोकिळेचे, म्हणणे आहे. मी लिहिलेले खोडत नाही.) म्हैस व्याली असल्यास रेडी की रेडा, ते कळवावे.

आपले पत्र मिळाले. त्यात आपण एकच ओळ लिहिली आहे, ती अशी की, अपेक्षाचे काय ठरले, हर्षल थांबला आहे. एका ओळीच्या प्रश्नास एका ओळीचे उत्तर देता आले असते. परंतु वादाला जागा राहू नये म्हणून प्रकरण मुळापासून मांडतो. गेल्या अक्षय्य तृतीयेस आपल्या ओट्यावर, पाच माणसांदेखत, माझी नात चि. अपेक्षा ही आपल्या धाकट्या बंधूंचे नातू चि. हर्षल यांस देण्याचा शब्द मी आपणास दिला. अपेक्षा त्या वेळी जर्मनी देशात होती. ती गुरांची डॉक्टर झालेली असून तेथील एका प्राणिसंग्रहालयात नोकरीस राहून प्राण्यांच्या खुरांवर पुढील अभ्यास करते. शब्द देताना तिला विचारले नव्हते. (आपल्यात तशी पद्धत नाही, आणि त्या दिवशी फोनही लागत नव्हता.) पुढे फोन लागला तेव्हा ती म्हणाली, "आबाजी, तुमी शब्द देल्ला तर तुमीच लगन लावा. मी नाही येत." तेव्हा मी स्वतः जाऊन नातीस घेऊन येतो, असे आपणास सांगून आषाढात विमानात बसलो. वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, उत्तीर्ण, वर्गात पहिला.

तेथे पोहोचल्यावर असे कळले की तिला अभ्यासासाठी चार देशांतील प्राणिसंग्रहालयांत जाऊन खुरांची मापे घ्यावयाची आहेत आणि मला एकट्याला घरी ठेवणे तिला सुरक्षित वाटत नाही. (घराच्या सुरक्षिततेबद्दल ती बोलत होती, माझ्या नव्हे. पहिल्याच दिवशी त्यांच्या काचेच्या शेगडीवर मी पाणी तापवावयास ठेवले होते, पितळी तांब्यात.) अशा रीतीने मी आगगाडीने चार देश हिंडलो. आपणास ठाऊकच आहे की सोयरीक करावयास गेले असता मी बैठकीत बसण्यापूर्वी गोठ्यात जातो. बैठक पाहुण्यांसाठी झाडलेली असते, गोठा झाडलेला नसतो. शेण पाहावे, पाण्याचे टाके पाहावे, आणि घरचा माणूस आत शिरला असता जनावर उठून उभे राहते की मागे सरते, ते पाहावे. मग मुलगी द्यावी किंवा चहा पिऊन निघावे. माझ्या वडिलांनी आपल्या दोघांच्या सासुरवाडीची परीक्षा याच रीतीने केली होती. म्हणून या चार देशांकडे मी प्रवासी म्हणून न पाहता, पशुप्रदर्शनात अकरा वर्षे पंच राहिलेला मनुष्य म्हणून पाहिले, आणि जे पाहिले त्याने, खोटे कशाला लिहू, माझी पगडी सैल झाली.

प्रथम नेदरलँड. हा देश मोताळ्याच्या बाजारासारखा सपाट असून पाणी मात्र जिकडेतिकडे आहे. येथील संग्रहालयात जिराफाचा गोठा पाहिला. त्याची उंची आपल्या मारुतीच्या देवळाच्या कळसाइतकी, आणि आतील जमीन अशी कोरडी की तीवर पंगत बसवावी. परंतु मला थक्क केले ते वैरणीने. जिराफाची वैरण त्याच्या तोंडाइतक्या उंचीवर, जाळीत बांधून टांगलेली होती. का, असे विचारले असता सांगण्यात आले की त्याची मान वर पाहून खाण्यासाठी आहे, तिला वाकावयास लावणे बरे नव्हे. उत्तमरावजी, आपण साठ वर्षे जनावरापुढे वैरण टाकली. जनावराची मान कशासाठी आहे, हा विचार आपण जोखडापलीकडे केला होता काय? मी केला नव्हता.

दुसरा स्वित्झर्लंड. येथे प्रथम मला राग आला, कारण येथे प्राणीच दिसत नाही. एवढा मोठा डोंगरउतार, दाट झाडी, बाहेर फळ्यावर लांडग्याचे चित्र, आणि लांडगा नाही. मी बाकावर दीड तास बसलो. लोक येत, झाडीकडे पाहत आणि समाधानाने निघून जात, जणू दर्शन घडले. मी अपेक्षाला म्हणालो की तिकीट लांडग्याचे घेतात आणि झाडे दाखवतात, ही लबाडी आहे. ती खुरांची वही मिटून म्हणाली, "लबाडी कायची आबाजी? लांडग्याले दिसाचं नसंल तर नाही दिसत तो. बाहेरच्यानं तिकीट काढलं म्हणून त्यानं काऊन चालत येऊन दाखवावं?" परतीच्या गाडीत ती म्हणाली की तिला मला एक मनुष्य दाखवावयाचा आहे, तो तिच्याच संग्रहालयात जनावरे राखतो, नाव मथियास. मी तिला स्पष्ट सांगितले की मी उत्तमरावजींना शब्द दिलेला आहे. त्या मनुष्याचे तोंडही मी पाहणार नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली, आणि मी दुसऱ्या खिडकीकडे. डोंगर दोन्ही बाजूंनी उत्तम होते.

तिसरा ऑस्ट्रिया. (याचा त्या उड्या मारणाऱ्या कांगारूंच्या देशाशी संबंध नाही. मी दोन दिवस कांगारू शोधले. एक सापडले, परंतु ते तेथेही पाहुणेच होते.) येथे वाघाचे शेण, म्हणजे जे काय असेल ते, डबीत भरून, डबीवर वाघाचे नाव व तारीख लिहून तपासणीस पाठवतात. हे पाहून मला समाधान वाटले. शेणावरून घर ओळखणारा मीच एकटा वेडा आहे असे आपल्या भावकीचे मत आहे. तेथे त्याच कामासाठी पांढरा अंगरखा घातलेली तीन माणसे नेमलेली आहेत.

चौथा जर्मनी, जेथे अपेक्षा असते. येथील हत्तीण मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्याकडे बैलास नाल ठोकावयाचा तर चार माणसे, एक दोर, आणि बैलाच्या व माणसांच्या तोंडचे नको ते शब्द. तेथे भिंतीत एक झरोका आहे. राखणदाराने नाव घेतले की हत्तीण आपण होऊन त्यातून पाय बाहेर देते, जोडवी घालावयास नवरी देते तसा, आणि नखे कापून होईपर्यंत गाजर खात उभी राहते. मन झाले नाही तर पाय काढून घेते, आणि मग कोणी दोर आणत नाही. उद्या पाहू म्हणतात. शिवाय प्रत्येक जनावराची वही. तीत आई, बाप, आईची आई, तिची आई, सर्वांची नावे व गावे. आपल्या शेताला वारस लावताना पणजोबांचे नाव तीन चुलत्यांनी तीन सांगितले होते, ते मला तेथे आठवले आणि मी वही मिटली.

आता मुख्य प्रसंग. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी याच संग्रहालयात होतो. माझ्या जन्मात बैलाचा खांदा मळल्याविना तो दिवस गेलेला नाही. त्या बागेत देशोदेशीची पाळीव जनावरे ठेवण्याचा एक भाग आहे, आणि तेथे, उत्तमरावजी, कमरेएवढ्या कुंपणाआड वशिंडाचे दोन बैल उभे होते. आपल्याकडचे. लहान चणीचे, परंतु वशिंड, गळ्याखालची लोंबती पोळी, कान, सर्व आपले. फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत होते, जसे आपण जिराफाकडे दाखवू. जवळ जाऊन पाहिले तर दोघांच्या मानेवर जोखडाचा घट्टा नाही. आयुष्यात एकदाही मान दिलेली नाही, आणि एकदाही कोणी आवतन दिलेले नाही. हे मला सहन झाले नाही. अपेक्षाच्या घरातील लोण्याची वडी माझ्याजवळ होती, हळद कोकिळेने दिलेली होती, पळसाचे पान नव्हते म्हणून तेथील एका अनोळखी झाडाचे घेतले. धोतराचा काचा मारून कुंपण ओलांडले, दोन्ही बैलांचे खांदे शास्त्राप्रमाणे मळले, आणि त्यांच्या कानात सांगितले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मागे वळून पाहतो तो तीसेक माणसे उभी. हा त्यांच्या वेळापत्रकातील कार्यक्रम आहे अशा समजुतीने एका बाईने टाळ्या वाजवल्या, मग सर्वांनी वाजवल्या. त्यानंतर कर्मचारी आले.

मला कचेरीत नेऊन, खुर्चीवर बसवून पाणी देण्यात आले. अपेक्षा धावत आली. "आबाजी, काय करून ठेवलं हे? मी इथं नोकरी करून राह्यली ना." तिच्या मागोमाग सहा फूट उंचीचा, बुटांना शेण लागलेला एक तरुण आला, आणि तिने त्याच्याकडे ज्या रीतीने पाहिले त्यावरून हा कोण ते मला समजले. ज्याचे तोंड पाहणार नाही म्हणालो, त्याच्यासमोर मी हळदीच्या हातांनी आरोपी म्हणून बसलो होतो. अपेक्षाने त्याला सर्व समजावले. तो रागावला नाही आणि हसलाही नाही. (हसला असता तर हे पत्र फार लहान झाले असते.) त्याने एवढेच विचारले की म्हाताऱ्याने बैलांना नेमके काय सांगितले. अपेक्षाने सांगितले. तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, मग उद्या त्यांना किती वाजता जेवू घालतात?

त्याने डॉक्टरांना फोन केला. हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाचे पीठ, एकेक पदार्थ सांगितला. परवानगी मिळाली ती प्रत्येकी अर्ध्या पुरणपोळीची, तूप वगळून. मग बैलांच्या वहीत त्याने नोंद केली, ती अपेक्षाने मला वाचून दाखवली: खांद्यास लोणी व हळद लावली, कारण, भोजनाचे निमंत्रण. मलाही एक पत्र मिळाले, त्यात पुन्हा कुंपण ओलांडल्यास बागेत प्रवेश बंद, अशी ताकीद आहे. अक्षर सुबक असून माझे नाव अचूक आहे.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाने पोळ्या केल्या. (पोळ्या म्हणणे हा माझा मोठेपणा आहे.) मथियासने बैल स्वतः धुतलेले होते. मी पूजा सांगितली तशी त्याने केली. पाय कोणता आधी धुवावा हेही विचारून घेतले, जे आपल्या हर्षलच्या पिढीत कोणी विचारत नाही. (हा चि. हर्षल यांच्यावर रोख नाही.) एका बैलाने अर्धी पोळी खाल्ली. दुसऱ्याने हुंगली आणि तोंड फिरवले. तो तिकडचाच जन्मलेला आहे, त्याचा दोष नाही. ती उरलेली अर्धी पोळी, बैलाच्या श्वासाने ओली झालेली, आता कुठे टाकतात हे मी पाहत राहिलो. मथियासने ती टाकली नाही. कोणी पाहत नाही अशा समजुतीने तो कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला आणि शेवटच्या कणापर्यंत खाऊन त्याने हात धुतले. दोन्ही बैल तोपर्यंत त्याच्याजवळ येऊन उभे राहिले होते.

पंच या नात्याने माझा निकाल असा: वैरणीत नेदरलँड, अदबीत स्वित्झर्लंड, शेणाच्या कदरीत ऑस्ट्रिया, आणि एकूण गोठा म्हणून जर्मनी प्रथम. या निकालात मला कोणी भरीस घातलेले नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते, परंतु कागद संपत आला. घरातील थोरांस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद, आणि आपल्या गोठ्यातील सर्वांस माझी आठवण.

आपला आज्ञांकित,
उकंडराव

ता. क. कागद संपलेला नाही, मागची बाजू कोरी होती. उत्तमरावजी, मी नातीस आणू शकलो नाही, कारण आणावयास मन झाले नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत दिलेला शब्द मी परत मागितलेला नाही. आज आपल्याकडे मागत आहे. आपण वडील आहात. आपण नाही म्हणालात तर मी शब्द पाळीन, अपेक्षाला फोन करून ये म्हणेन, आणि ती येईलही, कारण या वेळी मी तिला विनवीन. परंतु मग मी पुन्हा कोणाचा गोठा पाहावयास जाणार नाही. उत्तर आपल्या हाताने लिहावे.

दुसरी ता. क. वरील मजकूर मी मोठ्याने वाचला असता कोकिळा हसू लागली आणि आपणास काही सांगावयाचे आहे म्हणाली. ती बोलते तसे उतरवून घेत आहे. शुद्धतेची जबाबदारी माझी नाही. "भाऊजी, तुमालेबी मालूम नसंल. हर्षल आखाडातच मायाकडं येऊन गेला. त्याचं मोताळ्याच्या काजलसंग जमलं हाय, तुमच्या धाकानं बोलून नाही राह्यला. मी अन् सुभद्राबाईनं तवाच ठरोलं का हे लगन नाही कराचं. मंग यायले काऊन धाडलं म्हणसान, तर पोरीनं मले त्या पोराचं सांगतलं होतं. कोणं तरी जाऊन पाह्याले पाह्यजे होतं ना? पोरगा पाहून या म्हटलं असतं तर हे गेले असते काय? शब्द पाळाले म्हणून गेले, अन् बरोबर पाहून आले."

तिसरी ता. क. वरील हकिकत मी आताच, लिहिता लिहिता, प्रथम ऐकली. कोकिळेशी मी सध्या बोलत नाही. तथापि शब्द पाच माणसांदेखत दिलेला असल्याने, तो परत केल्याचे आपल्या सहीचे पत्र यावे, ही विनंती कायम आहे. शक्य तो मंगळवारपर्यंत यावे. बुधवारी अपेक्षाचा फोन असतो.