डब्यातली हाक

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस. हे बरे आहेत, समोर खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावतायत आणि काढतायत. फोनवरच सांगणार होते, पण डबा कसा चाललाय असं तू विचारलंस की माझ्या तोंडून आपोआप छान निघतं. दोन कागद फाडून झाले. आता तिसरा वाया घालवायचा नाही, जसं सुचेल तसं लिहिते.

तुझा गोळ्यांचा डबा देखणा आहे. कोपऱ्यावरच्या टेलरच्या बायकोला मुद्दाम बोलावून दाखवला, माझ्या लेकीने केलाय म्हणून. वेळ झाली की खण उघडतो आणि तुझा आवाज येतो, बाबा, गोळी घ्या ना. घरच्या माणसाचा आवाज असला की म्हातारी माणसं ऐकतात, असं तू म्हणाली होतीस. यांनी ऐकलंच. पहिल्याच दिवशी गोळी राहिली बाजूला, हे उठून तुला शोधायला लागले. स्वयंपाकघर झालं, मोरी झाली, कपाटाचं दारसुद्धा उघडून पाहिलं. तेव्हापासून दिवसातून तीनदा हेच. हे पुढे, गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन मी मागे. गोळी वेळेवर पोटात जाते हे खरं, म्हणून डब्याबरोबर तू रोज भरायला दिलेल्या फॉर्मवर मी होय लिहिलं. आवाज स्पष्ट येतो का? येतो. समाधानी आहात का? आहोत. गोळी सोडून कुणाला शोधतात का, हे त्यात कुठे होतं? मॅट्रिक झालेली बाई मी, विचारलं तेवढंच लिहिलं.

लहानपणी तू अशी विचारत बसणारी नव्हतीस गं. मी कणीक मळायला घेतली की समोर पाट टाकून बसायचीस, एक शब्द न बोलता. आणि मग एकदम म्हणायचीस, आई, तुझा उजवा हात दमला की तू खांदा उडवतेस. मलाच ते माहीत नसायचं.

आता मंगळवारचं सांगते. दोन वेळांच्या मधे डबा फुकट चालू कशाला, म्हणून सोमवारी रात्री मी त्याचे सेल काढून ठेवले. माझी सवय तुला ठाऊक आहे. त्याने आतलं घड्याळ पुसलं जातं, हे मला काय ठाऊक? मंगळवारी सकाळी सेल घातले आणि आठच्या गोळीला अवकाश होता म्हणून जपाला बसले. डबा मधेच बोलला. मी ऐकलं, चिमे. पण माळ अर्धी टाकायची नाही म्हणून डोळे मिटूनच राहिले. उघडले तर दार सताड उघडं. तासाभराने टेलरने यांना हात धरून आणलं. तुझ्या जुन्या शाळेच्या फाटकापाशी उभे होते, हातात तुझी लहानपणची छत्री. मधला मोठा रस्ता कसा ओलांडला देव जाणे. टेलरला म्हणाले, "हाक मारते, पण घरी येत नाही." त्या दिवशीच्या फॉर्मवरही मी होयच लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी तुमच्या कंपनीत डबा पक्का होणार आणि डोंगरातल्या पाचशे घरांत जाणार, जिथे म्हातारा-म्हातारी दोघंच असतात. म्हणून हे पत्र. माझे फॉर्म फाड. साहेबांना सांग, आईने खोटं लिहिलं. मग चार दिवस इथे ये, काही विचारू नकोस, पाट टाकून नुसती बस. तुला खाली बघावं लागेल म्हणून मी गप्प राहिले, असं लिहिणार होते, पण देवाला स्मरून सांगते, ते अर्धंच खरं आहे. फॉर्मवर 'नाही' असं लिहिलं असतं तर तू डबा परत मागवला असतास. मग घरात तुझा आवाज कुठून आला असता? आज सेल घातलेले नाहीत, दुपारची गोळी हातानेच दिली. हे जागचे हलले नाहीत. दाराकडे मीच बघतेय.

तुझीच, विचारलं तेवढंच सांगणारी,
आई